तिसऱ्या गटाचा काटा

दुकानाचे दार पश्चिमेकडे होते, त्यामुळे सकाळचे ऊन तिथे कधी दारातून आत येत नसे. ते छपरातून येई. छपराचे पत्रे पूर्वी दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीवर होते आणि त्या वेळच्या खिळ्यांची भोके कोणी बुजवली नव्हती. सूर्य मागच्या घरावरून वर सरकला की त्या भोकांतून उन्हाच्या बारीक, तिरक्या काड्या आत उतरत आणि दाराशेजारच्या भिंतीवर टांगलेल्या, तार गुंडाळायच्या लाकडी फर्म्यांवर नखाएवढे गोल उमटत. हे गोल स्थिर आहेत असे वाटे. पण नजर हटवून चहाचा एक घोट घ्यावा आणि पुन्हा पाहावे, तर फर्म्यावरचा गोल खाली फळीवर आलेला असे. फळीवर वार्निशचे डबे होते. त्यांच्या ओघळलेल्या, वाळलेल्या कडा मधासारख्या पिवळ्या होत. मग ते गोल जमिनीवर उतरत, कापलेल्या तारांच्या तुकड्यांवरून चालत, तांब्याच्या रिळापाशी जरा रेंगाळत. त्या वेळी रीळ आतून पेटल्यासारखे दिसे. तिथून हातभर पुढे वडिलांचे चाक होते. गोल चाकापाशी पोचले की साडेआठ वाजलेले असत आणि वडील बैठकीवर येऊन बसत.

त्याला हा उन्हाचा रस्ता लहानपणापासून पाठ होता. गेल्या वीस दिवसांत तो त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघू लागला होता, जसे निघण्याच्या आधी माणूस घरातल्या वस्तूंकडे बघतो. वीस दिवसांपूर्वी पत्र आले होते. मोटारी बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात, चाचणी विभागात, येत्या सोमवारी हजर व्हायचे होते. पत्र त्याने मीटरच्या पेटीत, मखमली झाकणाच्या आत, घडी करून ठेवले होते. घरात ते सर्वांना माहीत होते. वडिलांनी ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतले होते आणि म्हणाले होते, "जा. मी आहे ना इथं."

सगळे त्या एका वाक्यावर उभे होते.

जळलेल्या मोटारींत नवी तार भरायची, हा या घराचा धंदा. आसपासच्या वस्त्या वडिलांना वाइंडरबुवा म्हणत. मीटरचा काटा बुवांना गेली दोन वर्षे दिसत नव्हता, पण वेढे डोळ्यांनी मोजायचे नसतात असे ते म्हणत. त्यांची मोजणी तोंडाने चाले. डाव्या हाताला एका झाकणात तीन नट ठेवलेले असत. चाकाचा एक फेरा म्हणजे एक वेढा. एकापासून विसापर्यंत मोठ्याने म्हणायचे आणि एक नट उजवीकडच्या झाकणात टाकायचा. तीन नट इकडचे तिकडे झाले की तीन विसा, म्हणजे साठ वेढे; एक कॉइल पुरी. बाजारात वेढे मोजणारे यंत्र मिळत होते. मुलाने ते आणायचे म्हटले, तेव्हा बुवा हसले होते. "यंत्राला जीभ असते का? जीभ चुकली की कानाला कळतं. यंत्र चुकलं तर कोणाला कळणार?"

त्या बुधवारी उन्हाचे गोल अजून फळीवरच होते, तेव्हा दारात हातगाडीचे चाक करकरले.

हातगाडीवर मोटार होती आणि हातगाडीमागे गिरणीवाली. नवरा गेल्यापासून ती पिठाची गिरणी एकटी चालवत होती. तिच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर पिठाची एक कायमची पांढरी रेघ असे. त्या दिवशी ती रेघ नव्हती.

"घ्या," ती म्हणाली. "आली तुमची लेक परत. वीस दिवस सासरी टिकली नाही. माझी मोटार आहे की तुमची, तेच कळेनासं झालंय. सारखी आपली माहेरपणाला."

बुवा उठले. त्यांनी मोटारीला हात लावला नाही. वाकून झाकणाच्या फटीशी नाक नेले आणि डोळे मिटले. तो वास पाठीमागे बसलेल्या त्यालाही आला. जळालेल्या वार्निशचा, आंबट, घशाला चिकटणारा.

"गेली," बुवा म्हणाले.

"गेली ते मलाही कळलं, बुवा. गिरणीत धूर झाला तेव्हाच कळलं. दळायला आलेल्या बायका डबे टाकून रस्त्यावर पळाल्या. का गेली ते सांगा."

बुवांनी मान वळवून मुलाकडे पाहिले. असल्या प्रश्नांची उत्तरे हल्ली तोच देई. त्याने दोन वर्षांचा कोर्स केला होता.

"लाइन कमी आहे, मावशी," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीप्रमाणे खाली, मोटारीला उद्देशून निघाला. "मी मागंच तुमच्या भिंतीवर लिहून दिलं होतं."

"आहे अजून ते. पुसलं नाही मी. काय ते, चारशे गुणिले तीन आणि तीनशे गुणिले चार."

"दोन्हीचं उत्तर बाराशेच. दाण्याला जेवढी ताकद लागते तेवढी लागतेच. व्होल्टेज चारशे मिळालं तर मोटार तीन अँपिअरवर भागवते. तीनशेच मिळालं तर चार ओढावे लागतात. आणि तार तापते ती करंटच्या वर्गानं. तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा. नऊच्या जागी सोळा. जळणारच."

"धाकटे बुवा," गिरणीवाली म्हणाली, आणि तिने पदराने मान पुसली, "तुमचा हिशोब बरोबरच असणार, मी काही शिकलेली नाही. पण माझ्या भिंतीला भिंत लावून लाकडाची करवत आहे. तीच तार, तोच खांब. त्याची मोटार माझ्यापेक्षा मोठी आणि माझ्यापेक्षा जुनी. ती कशी नाही जळत? माझ्याच मोटारीला तेवढं तीनशे मिळतात होय?"

तिच्या मानेवरून उतरणारा घामाचा एक थेंब तो बघत राहिला.

"शनिवारी सकाळी येते," ती म्हणाली. "अख्खं गाव डोक्यावर डबे घेऊन दोन कोस चालतंय. बुवा, तुमच्या हातची तार माझ्या लग्नाच्या आधीपासून त्या गिरणीत फिरतेय. तोंड टाकून बोलले तर राग मानू नका. पण शनिवारी ही उठून बसली नाही, तर मी ती शहरात नेईन. आणि लोकांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही."

ती गेल्यावर बुवा बराच वेळ त्या मोटारीपाशी उभे होते. मग म्हणाले, "लाइन बघून ये बरं एकदा. नीट बघ."

दुपारी तो मीटर घेऊन गिरणीकडे गेला. रस्ता पांढरा पडला होता. खांबाला शिडी लावून वायरमन वर चढला होता. हा त्याचा शाळेतला सोबती.

"काय रे, निघालास म्हणे सोमवारी?" वायरमन वरूनच ओरडला. "मोठ्या कारखान्यात? आम्हाला विसरू नकोस बाबा. तिथं पंख्याखाली बसून मोटारी तपासशील, आणि आम्ही इथं वाळत घातल्यासारखे."

"व्होल्टेज किती आहे रे?"

"वाढवून दिलंय. पंधरा दिवस झाले, ट्रान्सफॉर्मर बदलला नाही का आम्ही? चारशेच्या खाली येत नाही आता. बघ की तूच."

त्याने गिरणीतल्या पेटीचे झाकण उघडले आणि मीटरच्या दोन्ही टोच्या लावल्या. चारशे दहा. जागा बदलून पाहिले. चारशे आठ. तिसऱ्यांदा पुन्हा चारशे दहा. समोरच्या भिंतीवर त्याच्याच अक्षरात, खडूने, नऊ आणि सोळा हे आकडे होते. शेजारची करवत कण्हत चालली होती आणि तिच्या सुरात कुठे ओढ नव्हती.

"तुझं मीटर दाखव," तो खाली आलेल्या वायरमनला म्हणाला.

"का? तुझं बिघडलं?"

"दाखव तर."

वायरमनच्या मीटरवर चारशे बारा आले.

"तुझंही बिघडलंय," तो म्हणाला.

वायरमन हसायला लागला, मग त्याचा चेहरा पाहून थांबला. "एवढं कशाला रे? मोटार जळते. जळण्यासाठीच असते. नाहीतर तुम्ही लोक खाल काय?"

घरी परतल्यावर बुवांनी विचारले, "किती?"

"आत्ता बरी आहे. पण संध्याकाळी पडत असणार. संध्याकाळी सगळे दिवे लागतात."

बुवांनी मान हलवली. त्यांचा मुलाच्या आकड्यांवर विश्वास होता, आणि तो विश्वास त्याला उन्हापेक्षा जास्त लागला.

गुरुवार मोटार उघडण्यात गेला. आतले लोखंडी नळकांडे, ज्याच्या खाचांत तार भरतात तो स्टेटर, त्याने दोन्ही मांड्यांमध्ये घट्ट धरला आणि छिन्नी लावून जळक्या कॉइलींची एका बाजूची टोके छाटायला सुरुवात केली. हातोडीचा प्रत्येक घाव मनगटातून खांद्यापर्यंत जाई. काळी पडलेली तार आत दगडासारखी धरून बसली होती. दुसऱ्या बाजूने पक्कड लावून, पायाने स्टेटर रेटून, एकेक जुडगा ओढून काढायचा. जुडगा निघे तेव्हा माणूसही मागे पडे. दुपारपर्यंत त्याच्या तळहातांवर दोन फोड आले आणि फुटले. घामात काजळी मिसळून छातीवरून काळे ओघळ उतरले.

छाटलेल्या जुडग्याच्या तोंडाशी तारेची टोके असतात. जितके वेढे तितकी टोके. कोणतीही मोटार आली की ती टोके मोजायची आणि वहीत लिहायची, हा दुकानाचा पहिला नियम होता. अनोळखी मोटारीत किती वेढे होते ते त्यावरूनच कळते. जुडगे वीतभर लांब होते, मोजायला प्रत्येकी पाच मिनिटे पुरली असती. त्याने ते न मोजता भंगाराच्या पोत्यात टाकले.

"मोजलीस टोकं?" बुवांनी विचारले.

"आपलंच तर काम आहे बाबा. वीस दिवसांपूर्वीचं. त्यात काय मोजायचं? साठच्या साठ."

"तेही खरंच."

पोत्याचे तोंड त्याने सुतळीने बांधले. एरवी ते उघडेच असे.

शुक्रवारी बुवा चाकावर बसले. एकूण अठरा कॉइली, सहा-सहांचे तीन गट. पहिला गट त्यांनी सकाळच्या गारव्यात, उन्हाचे गोल पाठीवर घेत, पुरा केला. त्यांची मोजणी ऐकण्यासारखी होती. प्रत्येक आकड्याला चाकाचा एक कुरकुरता फेरा, विसाला आवाज जरासा उंच, आणि मग नट पडल्याचा टिण्. तो खाचांत कागद घालत मागे बसला होता. वडिलांची पाठ त्याला दिसत होती: बनियनमधून वर आलेली मणक्यांची रांग, आणि फेऱ्यासरशी पुढे-मागे होणारा उजवा खांदा. ही पाठ अशीच हलत राहील, असा त्याने वीस दिवस स्वतःला शब्द दिला होता.

दुसरा गट दुपारी झाला. तिसऱ्याला ऊन उतरले होते. पण छपराचे तापलेले पत्रे अजून तडतडत होते आणि बुवांचा आवाज कोरडा पडला होता.

"अठरा, एकोणीस, वीस." टिण्.

रस्त्यावरून सायकल गेली. "काय बुवा, मुलगा निघाला म्हणे?"

"हो, निघाला. सोमवारी. मोठ्या कामावर."

"आता तुमचं कसं?"

"माझं काय? हात आहेत की." बुवा हसले. सायकलवाला गेला. ते क्षणभर रस्त्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचे हसू तसेच होते, फक्त त्याच्यामागे कोणी नव्हते. मग त्यांचा डावा हात झाकणाकडे गेला, त्याने एक नट उचलला आणि उजवीकडे टाकला. टिण्. "एक, दोन, तीन…"

तो कागद हातात धरून तसाच बसला. एका विशीला दोन नट पडले होते; आधीच्या कॉइलीतही एकदा असेच झाल्याचे त्याला वाटले होते. 'बाबा' एवढेच म्हणायचे होते. दोन अक्षरे. ती त्याच्या तोंडापर्यंत आली. मग त्याला वाटले, आपण नीट पाहिले नसेल. मधल्या काळात चाक फिरलेही असेल. माणूस बोलता बोलता मनातल्या मनात मोजतो. कागदाची धार अंगठ्यात घुसली होती, ते त्याला नंतर कळले.

संध्याकाळी अठराही कॉइली खाचांत बसल्या. खाचांची तोंडे बंद करणाऱ्या बांबूच्या पट्ट्या ठोकून झाल्या. बुवा अंघोळीला गेले, तेव्हा तो पाणी प्यायला आत आला. स्वयंपाकघर आणि दुकान यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. आई त्या भिंतीला टेकून शेंगा सोलत बसली होती. तिच्यापुढे सोललेल्या दाण्यांची रास होती आणि बाजूला, एका ताटलीत, मोजकेच दाणे तीन ओळींत मांडलेले होते.

"हे काय?" त्याने विचारले.

आईने दाराकडे पाहिले. "तुला सांगणार होते. हसू नकोस. लग्न होऊन आले तेव्हापासून मी यांचं मोजणं ऐकतेय. भिंतीपलीकडे एक वीस झाली की इकडं मी एक दाणा बाजूला टाकते. उगीच, चाळा म्हणून. एका गटाला अठरा पडायला हवेत ना?"

"सहा त्रिक अठरा. हो."

"ही पहिली ओळ अठरा. ही दुसरी अठरा." तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले, पण दाण्याला लागू दिले नाही. "ही सोळा."

बाहेर पाण्याचा तांब्या बादलीला आपटला.

"तुझं ऐकताना चुकलं असेल," तो म्हणाला.

"असेल. मागल्या खेपेलाही मला तसंच वाटलं होतं."

"मागल्या खेपेला?"

"तेव्हाही सोळाच पडले होते. मी उठून दुकानात आले, सांगायला. तू बॅटरी लावून मीटर वाचत होतास. चार म्हणालास, मग चार, मग चार. मी दारातूनच परत गेले. म्हटलं, मीटरपुढं माझे दाणे ते काय! तुझं मीटर काही माझ्यासारखं शेंगा सोलत नाही बसत." ती हसली, आणि लगेच थांबली. "तू जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तसं समजू नकोस. पण तू गेल्यावर मीटर कोण वाचणार, एवढंच सांगून जा."

"उद्या लावतोच आहे मीटर," तो म्हणाला. "काय ते दिसेल."

पाणी न पिताच तो बाहेर आला.

शनिवारी उन्हाचे गोल फर्म्यांवरून फळीवर उतरले, तेव्हा त्याने ट्रॅक्टरची बॅटरी ओढत मध्यभागी आणली. बुवा वार्निशचा डबा उघडून, ब्रश हातात घेऊन, स्टेटरच्या पलीकडे उकिडवे बसले. मीटरने हो म्हटले की वार्निश ओतायचे; एकदा ते ओतले आणि भाजले की तार कायमची बंद. मग तिला काही सांगता येत नाही, की तिच्याकडून काही ऐकता येत नाही.

गिरणीवाली वेळेआधीच आली होती. रिकामी हातगाडी दारात टेकवून, तिच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून ती उभी राहिली. "चालू द्या तुमचं. मी बोलत नाही. मला म्हणे बोलायची सवयच वाईट."

त्याने पहिल्या गटाची दोन टोके घासून चकचकीत केली. एक बॅटरीला, एक अँपिअरच्या मीटरमधून परत बॅटरीला. दुसरे मीटर टोकांवर.

"व्होल्ट बारा," त्याने वाचले. "अँपिअर चार."

"बारा भागिले चार, तीन," बुवा म्हणाले. "तीन ओहम. बरोबर. पुढं."

दुसरा गट. "व्होल्ट बारा. अँपिअर चार."

"तीन. पुढं."

तिसऱ्या गटाची टोके घासताना त्याच्या अंगठ्यावरची चीर पुन्हा उघडली. तार लाल झाली. त्याने ती पँटला पुसली आणि जोडली. काटा उठला. चारपर्यंत आला, तिथे न थांबता पुढे गेला, आणि चार व पाचच्या बरोबर मधल्या रेघेवर स्थिर झाला.

त्याने काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि पुन्हा तिथेच आला. त्याने टोके सोडवली, पुन्हा घासली, पुन्हा जोडली. तीच रेघ. उन्हाचा एक गोल मीटरच्या पेटीवर, उघड्या झाकणावर आला होता, आणि मखमलीच्या आतल्या कागदाची पांढरी कड त्यात दिसत होती. फळ्यांच्या भिंतीपलीकडे शेंगा सोलल्याचा आवाज थांबला होता.

"बोल की," बुवा म्हणाले. ब्रशवरून वार्निशचा एक लांब थेंब डब्यात परत जात होता. वडिलांचे डोळे मीटरकडे नव्हते, त्याच्या तोंडाकडे होते. दोन वर्षे ते त्याचे तोंडच वाचत होते.

चार हा शब्द अगदी छोटा होता.

"साडेचार," तो म्हणाला.

बुवांनी ब्रश डब्याच्या काठावर ठेवला. क्षणभर त्यांचे ओठ हलले. "बारा भागिले साडेचार. दोन आणि वर दोन तृतीयांश. म्हणजे तिनातला नववा भाग कमी. रेझिस्टन्स नववा भाग कमी, तर वेढेही नववा भाग कमी. गटाचे तीनशे साठ. त्याचा नववा भाग चाळीस." त्यांनी हे कागदाशिवाय, श्वास न घेता केले. गणितात कुठेही चूक नव्हती. "दोन विसा गेल्या," ते म्हणाले. "आणि तापायचं बघ. बारा चोक अठ्ठेचाळीस वॅट बाकीच्या गटांत. इथं बारा गुणिले साडेचार, चौपन्न. एवढ्याशा बॅटरीवर सहा वॅट जास्त. तिकडं चारशेवर, दळणाच्या भारात, काय होत असेल तिचं."

"म्हणजे काय, बुवा?" गिरणीवालीने विचारले.

बुवांनी वार्निशच्या डब्याला झाकण लावले आणि ते बसेपर्यंत अंगठ्याने कडेकडेने दाबत नेले. मग ते उठायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून, अर्ध्यात थांबून, उठले. "म्हणजे माझी मोजणी गेली, बाई. लाइनीला उगीच नावं ठेवली आम्ही. आज ही परत सोडवावी लागेल. वेढे दुसऱ्या कोणाला तरी मोजावे लागतील."

गिरणीवालीने हातगाडीचा दांडा चोळला. तोंड टाकून बोलायची सगळी तयारी करून आली होती, आणि आता ते तोंड तिला कुठे ठेवावे कळत नव्हते. "एवढं काय मनाला लावून घेता," ती शेवटी म्हणाली. "आजच्या दिवशी झालं असेल चुकून. दुपारची वेळ, उन्हाचे दिवस. मागच्या वेळी तर बरोबर होतं ना? मी इथंच उभी होते की. धाकटे बुवा म्हणाले होते, चार, चार, चार. मला पाठ आहे. घरी जाऊन माझ्या जावेला पण सांगितलं होतं मी, बुवांच्या मोटारीचं कसं एकसारखं येतं म्हणून."

बुवा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले. ते पाहवत नव्हते.

"हो की," ते म्हणाले. "मागल्या खेपेला तिन्ही गट बरोबर होते. वहीत आहे तुझ्या हातचं. तेव्हा माझी मोजणी ठीक होती म्हणजे. ही अलीकडची गोष्ट आहे, आठ-पंधरा दिवसांतली. थोडी विश्रांती घेतली तर…" ते थांबले. त्यांनी हिशोब पुढे नेला; त्यांना तो अर्ध्यावर सोडता येत नसे. "पण मग ती मोटार कशानं जळली? लाइन तर तू बरी म्हणतोस. कशानं जळली रे?"

त्याने बॅटरीची तार काढली. काटा साडेचारवरून निघून, हळूच, शून्यावर गेला. भिंतीपलीकडून आई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात ती ताटली होती.

"मागल्या खेपेलाही साडेचारच होतं, बाबा," तो म्हणाला. "मी चार म्हणालो."